लोखंडाने धरलेले सोने

प्रति,
माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत वाशी येथील हस्तकला प्रदर्शनाचे वृत्त वाचले. तिबेटी दागिन्यांविषयी त्यात जेमतेम चार ओळी होत्या. पण त्यांतील दोन वाक्ये वाचून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. एक वाक्य असे होते की, सोन्याचा मुलामा दिलेले लोखंडी दागिने तरुणाईचे आकर्षण ठरत आहेत. आणि दुसरे असे की, हे दागिने अंगावर असले की भरभराट होते, अशी तिबेटी लोकांची श्रद्धा आहे. बातमीदाराने विक्रेत्याने सांगितले ते लिहिले असणार, त्यामुळे त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु ‘मुलामा’ हा एक शब्द या कलेच्या बाबतीत इतका चुकीचा आहे की, तो छापून आल्यामुळे खरे काम करणारा कारागीर आणि त्याची नक्कल करणारा कारखाना एकाच पंक्तीत बसतात, आणि त्यात कारागीर हरतो.

मुलामा हा माझ्या पोटापाण्याचा विषय होता. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्याच्या विद्युत-मुलामा विभागात, तिथल्या प्रयोगशाळेत, मी २९ वर्षे नोकरी केली. टाकीतले द्रावण तपासणे, विजेचा प्रवाह किती सोडायचा ते ठरवणे, नमुना कापून त्यावरच्या थराची जाडी सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजणे, हेच माझे रोजचे काम होते. मुलाम्याला मी कमी लेखत नाही. यंत्रांच्या कित्येक भागांचे आयुष्य त्यावरच टिकून असते. म्हणूनच मुलामा कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये, हे मी थोड्या अधिकाराने सांगू शकते.

लोखंडातले हे सोने मी पहिल्यांदा पाहिले त्याला आता पंधराएक वर्षे झाली. हिवाळ्यात स्वेटर आणि शाली विकायला आपल्याकडे जी तिबेटी कुटुंबे येतात, त्यांपैकी एक बाई ठाण्यात दर वर्षी दुकान मांडत असे. तिच्याबरोबरची मुले तिला ‘आचा-ला’ म्हणत. तिबेटीत मोठ्या बहिणीला तसे म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागले. ती गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीतली. ही वसाहत १९७२ पासून आपल्या महाराष्ट्रात आहे, हे पुष्कळ मराठी माणसांना ठाऊक नसते. तिकडेच वाढल्यामुळे आचा-ला मराठी बोलते, आणि तीही अर्जुनी-मोरगावकडच्या वळणाची. तिच्या बोटात एक काळपट निळसर लोखंडी अंगठी होती आणि त्या काळ्या पृष्ठावर सोन्याच्या केसाएवढ्या बारीक रेषांनी एक गाठ रेखलेली होती. सवयीने मी विचारले, मुलामा किती जाडीचा आहे? ती म्हणाली, ‘वरतून नाही लावलं जी ताई. लोखंडानं धरून ठेवलं आहे.’

त्या उत्तराचा अर्थ भिंगाखाली पाहिल्याशिवाय मला कळला नाही. अंगठी तिच्या वडिलांची होती. ते पूर्व तिबेटातील खाम प्रांतातल्या देर्गे भागाचे, आणि १९५९ नंतर जे हजारो लोक हिमालय ओलांडून भारतात आले त्यांच्यापैकी एक. अंगठी विकायचा प्रश्नच नव्हता आणि मीही तो काढला नाही. पण दोन दिवसांसाठी तिने ती माझ्याकडे विश्वासाने दिली. आमच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर दिसले ते असे की, जिथे सोने होते तिथे लोखंडाच्या पृष्ठावर अतिशय बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या चिरा पाडलेल्या होत्या, एखाद्या कानशीच्या दातांसारख्या. सोन्याची तार त्या चिरांवर ठेवून हातोडीने ठोकलेली होती, आणि मऊ सोने चिरांत शिरून त्यांच्या दातांमध्ये घट्ट पकडले गेले होते. कडेला जिथे वर्षानुवर्षांच्या वापराने सोने झिजले होते, तिथे त्या चिरा उघड्या पडलेल्या स्पष्ट दिसत होत्या. मध्ये डाख नव्हता, चिकटद्रव्य नव्हते, रासायनिक प्रक्रियेची कोणतीही खूण नव्हती.

याला उत्तर हिंदुस्थानात कोफ्तगिरी म्हणतात आणि आपल्याकडील जुन्या तलवारींच्या मुठींवर हे काम कित्येकांनी पाहिलेले असेल. तिबेटात प्रामुख्याने हीच पद्धत चालते. दुसरी, अधिक कष्टाची पद्धत अशी की, छिन्नीने लोखंडात खरीखुरी खाच कोरायची, ती वर अरुंद आणि तळाशी किंचित रुंद ठेवायची, आणि तिच्यात सोन्याची तार ठोकून भरायची. ठोकल्यावर तार तळाशी पसरते आणि वरच्या अरुंद तोंडातून पुन्हा बाहेर येऊ शकत नाही. दोन्ही पद्धतींत सोने शुद्धच लागते, कारण त्यात तांबे मिसळून ते बावीस किंवा अठरा कॅरटचे केले की ते कडक होते आणि चिरांत नीट उतरत नाही. शुद्ध सोन्याचा मऊपणा हा दागिन्यांच्या धंद्यात दोष समजला जातो. इथे सगळे काम त्या मऊपणावरच उभे आहे. एक ग्रॅम सोन्याची तार दोन किलोमीटरहून अधिक लांब ओढता येते, हे शाळेत शिकलेले वाक्य मला त्या अंगठीकडे पाहताना पहिल्यांदा डोळ्यांना दिसले.

सोने ठोकून झाले की ते अकिकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटतात, आणि मग लोखंडाला रंग आणण्यासाठी वस्तू तापवतात. स्वच्छ केलेले लोखंड किंवा पोलाद तापवत गेले की त्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गडद निळा रंग चढतो. हा रंग लोखंडाच्याच ऑक्साइडच्या पातळ पापुद्र्याचा असतो. सोन्यावर त्या उष्णतेचा काहीच परिणाम होत नाही. एकाच आगीत एक धातू रंग बदलतो आणि दुसरा जसाच्या तसा राहतो, आणि त्या फरकातूनच नक्षी उठून दिसते. कारागिराच्या हातात तापमापक नसतो. निळा रंग आला की क्षणात वस्तू आगीबाहेर काढायची, नाहीतर तो रंग राखाडी होऊन जातो, हे त्याला डोळ्याने ओळखावे लागते.

इथे कोणी विचारील की, तिबेटात मूर्तींना तर सोन्याचा मुलामाच असतो, मग लोखंडाला का नाही? हा प्रश्न मला स्वतःलाही पडला होता, आणि त्याचे उत्तर धातूंच्या स्वभावातच आहे. तांब्याच्या मूर्तींवर सोने चढवण्याची तिबेटी आणि नेपाळमधील नेवार कारागिरांची रीत अशी की, सोने पाऱ्यात विरघळवायचे, तो लेप तांब्यावर द्यायचा आणि तापवून पारा उडवून लावायचा. पारा तांब्याला धरतो. लोखंडाला मात्र तो धरत नाही, इतका की पारा साठवायला आणि न्यायला लोखंडी बाटल्याच वापरत आल्या आहेत. त्यामुळे लोखंडावर सोने आणायचे तर लेप देऊन भागत नाही. लोखंडाचे अंगच खरवडून सोन्याला त्यात जागा करून द्यावी लागते. म्हणजे मुलामा न देण्याची निवड कोणा कलाकाराची लहर नव्हती. धातूने नकार दिला आणि त्या नकारातून ही कला घडली.

आजच्या विजेच्या मुलाम्याने तो नकार ओलांडता येतो, हे खरे आहे. मध्ये तांब्याचा किंवा निकेलचा थर देऊन त्यावर सोने चढवता येते. बाजारातल्या स्वस्त दागिन्यांवर हा सोन्याचा थर कित्येकदा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. इतक्या पातळ थरात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात. खाडीकाठच्या आपल्या खाऱ्या, दमट हवेत त्या छिद्रांतून ओलावा आत जातो, सोने आणि लोखंड यांच्यात एक लहानशी विद्युतघटमाला तयार होते आणि सोन्याच्या आड लोखंड गंजत जाते. मग एक दिवस पापुद्रा उठतो. मी हे माझ्या घरात पाहिले आहे. तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात ‘तिबेटी हस्तकाम, लोखंडात सोने’ असे सांगून विकलेले एक पदक मी भाचीसाठी घेतले होते. घाईत होते, भिंग जवळ नव्हते, आणि विक्रेत्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला. एका पावसाळ्यात त्याची गाठ निम्मी सोलून गेली आणि खाली यंत्राच्या साच्याने उठवलेली सपाट रेषा तेवढी उरली. भाचीने ते मुकाट्याने परत आणून दिले. ज्या माणसाने आयुष्यभर मुलामा मोजला त्याने फसावे, याचे मला आजही वाईट वाटते. पैशांपेक्षा अधिक वाईट याचे वाटते की, त्या मुलीच्या मनात ‘तिबेटी दागिने असेच असतात’ हे बसले.

ही कला दागिन्यांपासून सुरू झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. तिबेटी स्त्रियांचे परंपरागत दागिने सोने, चांदी, पोवळे आणि पिरोजा यांचे असतात. सोने ठोकलेले लोखंड मुख्यतः घोड्याच्या खोगिरावरच्या पत्र्यांवर, रिकिबींवर, तलवारीच्या मुठी आणि म्यानांवर, लेखण्या ठेवायच्या नळीवर, आणि ‘मे-चाक’ या वस्तूवर दिसते. ‘मे’ म्हणजे अग्नी आणि ‘चाक’ म्हणजे लोखंड. चामड्याच्या लहान बटव्याला खालून पोलादी पाते जोडलेले असते आणि त्यावर गारगोटी आपटून ठिणगी पाडतात. आपल्याकडच्या चकमकीचीच ती बहीण. देर्गे, जिथे १७२९ मध्ये स्थापन झालेला लाकडी ठशांचा प्रसिद्ध छापखाना आजही आहे, ते या धातुकामासाठीही नावाजलेले होते. तिथले काही काम असे आहे की, लोखंडाचा जाड पत्रा छिन्नीने आरपार कोरून त्यात ड्रॅगन, वेली आणि ढग यांची जाळी केलेली असते आणि मग त्या जाळीच्या प्रत्येक वळणावर सोने ठोकलेले असते. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तिबेटी शस्त्रे, चिलखते आणि घोड्यांचा साज यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेव्हा या कामाकडे जगाचे लक्ष नव्याने गेले. आजच्या अंगठ्या, कडी आणि पदके ही त्या मोठ्या कामाची धाकटी भावंडे आहेत: घोडे आणि तलवारी गेल्या, हात राहिले, आणि हाताने काम शोधले.

त्या हातांविषयी एक अप्रिय गोष्ट आहे आणि ती वगळून या कलेचे कौतुक करणे मला पटत नाही. जुन्या तिबेटी समाजात लोहाराला, ज्याला ‘गारा’ म्हणतात, फार खालचे स्थान होते. त्याच्या पेल्यातून इतरांनी पिऊ नये, त्याच्याशी सोयरीक करू नये, असा दंडक होता. लडाखमध्ये गारा समाजाला अशा भेदभावाला अजूनही तोंड द्यावे लागते. गंमत म्हणून नव्हे, वेदनेने सांगते की, त्याच परंपरेत गार्वा नाग्पो, म्हणजे ‘काळा लोहार’, नावाचा एक रक्षक देव पूजला जातो. तो बोकडावर बसतो आणि त्याच्या हातात लोहाराचा हातोडा आणि भाता असतो. देव लोहार चालतो, शेजारी लोहार चालत नाही. आपल्याला हे वाचून तिबेटी माणसाकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही. माझ्या लहानपणी कळव्याच्या बाजूला घिसाड्यांची पाले पडत, त्यांच्या बायका घण उचलून ऐरणीवर घालत आणि विळे, कोयते, पावशी धारेला लावून देत. आमच्या घरातली प्रत्येक विळी त्यांच्या हातून गेलेली होती, पण त्यांना पाणी देताना वेगळा तांब्या होता. तो तांब्या मी विसरलेले नाही.

आता अर्थाकडे येते, कारण भरभराटीच्या त्या वाक्याने मला मुलाम्याइतकेच अस्वस्थ केले. आचा-लाच्या अंगठीवर जी गाठ होती, तिला सुरुवात नाही आणि शेवट नाही. ती अष्टमंगलांपैकी एक. छत्र, सुवर्णमत्स्यांची जोडी, कलश, कमळ, उजवा शंख, अंतहीन गाठ, विजयध्वज आणि चक्र ही ती आठ चिन्हे. आपल्या ठाण्यातील श्वेतांबर जैन बांधवांना त्यांची स्वतःची अष्टमंगले असतात, आणि दोन्ही याद्यांत कलश आणि मत्स्ययुगुल सारखेच आहेत. या गाठीचे तिबेटी नाव ‘पल-बेउ’. ‘पल’ म्हणजे श्री आणि ‘बेउ’ म्हणजे वासरू, वत्स. म्हणजे आपल्या ‘श्रीवत्स’ या शब्दाचे हे शब्दशः भाषांतर आहे! ज्या श्रीवत्सलांछनाचे वर्णन विठ्ठलाच्या छातीवर आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो, त्याचेच नाव कोणा भाषांतरकाराने हिमालयापलीकडे नेले, आणि तिथे ते लोखंडात सोन्याने कोरले गेले. तिबेटी परंपरेत ती गाठ प्रज्ञा आणि करुणा एकमेकींत गुंतलेल्या आहेत हे सांगते, आणि कोणतीही गोष्ट एकटी उभी नसते, प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचारही सांगते. नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील लाखो घरांत हा शब्द परका राहिलेला नाही.

दुसरे वारंवार दिसणारे चिन्ह वज्राचे. तिबेटीत त्याला ‘दोर्जे’ म्हणतात. ‘दो’ म्हणजे दगड आणि ‘जे’ म्हणजे स्वामी, दगडांचा राजा. स्वतः फुटत नाही आणि ज्यावर पडेल त्याला फोडते, असे ते इंद्राचे आयुध बौद्ध परंपरेत अविचल जागृतीचे चिन्ह झाले. कड्यांवर आणि अंगठ्यांवर ‘ॐ मणिपद्मे हुम्’ ही षडक्षरी असते. ती अवलोकितेश्वराची, करुणेच्या बोधिसत्त्वाची आहे. तिबेटी लोक त्याला चेनरेझिग म्हणतात आणि सहा अक्षरांचा संबंध प्राण्यांच्या सहा गतींशी, म्हणजे पुनर्जन्माच्या सहा लोकांशी, जोडतात. त्या अवलोकितेश्वराला भेटायला आपल्याला ल्हासाला जावे लागत नाही. येऊरचा डोंगर ज्या राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, त्याच उद्यानात पलीकडच्या अंगाला कान्हेरीची लेणी आहेत आणि तिथल्या ४१ व्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. तसेच कीर्तिमुखाचे. तिबेटी तलवारींच्या मुठींवर आणि खोगिरांच्या पत्र्यांवर जबडा वासलेला, खालचा ओठ नसलेला जो चेहरा असतो, तो पाहून मला अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराचे दगड आठवले. कोणत्या चिन्हाने कोणती वाट घेतली, हे अभ्यासकांनी सांगावे. पण ही चिन्हे आपल्याला ‘गूढ पूर्वेची’ म्हणून विकली जातात तेव्हा मला खेद होतो, कारण त्यांतली बरीचशी आपल्या उंबरठ्यावरून गेलेली आहेत.

लोखंडाचा स्वतःचाही अर्थ आहे आणि तो आपल्या अर्थाहून निराळा आहे. आपल्याकडे लोखंडाची अंगठी म्हटली की शनी आठवतो, घोड्याच्या नालेची, मधल्या बोटात, शनिवारी घालायची. तिबेटात लोखंड हे लाकूड, अग्नी, पृथ्वी आणि जल यांच्याबरोबरचे पाचवे तत्त्व आहे, आणि साठ वर्षांच्या कालचक्रात लोह-अश्व, लोह-कपी अशी वर्षे येतात. १५ व्या शतकातील थांगतोंग ग्याल्पो हा सिद्ध पुरुष लोखंडी साखळ्यांचे पूल बांधण्यासाठी ओळखला जातो. परंपरा त्याच्या नावावर असे ५८ पूल सांगते आणि त्याचे एक नावच ‘लोखंडी पुलाचा माणूस’ असे आहे. उधाणलेली नदी पार करून देणे हे त्याने करुणेचे काम मानले. ज्या समाजाने लोखंडाकडे पूल म्हणून पाहिले, त्याच्या लोखंडी अंगठीला ‘नशीब पालटणारी’ म्हणणे म्हणजे तिचे बोलणे मध्येच तोडण्यासारखे आहे. मी आचा-लाला एकदा विचारले की, ही अंगठी घातल्याने काय होते? ती म्हणाली की, काही होत नाही, वडील आठवतात. आणि गाठीकडे पाहिले की रागावर थोडा ताबा राहतो. यापेक्षा मोठा दावा तिने कधी केला नाही.

संपादक महोदय, या सगळ्यात आपल्या बाजाराची एक मराठी सवय आडवी येते. आपण दागिना घेतो तो वजनावर, आणि ‘मोडीत किती येतील’ हा प्रश्न मनात ठेवून. घडणावळ म्हणजे वाया जाणारा पैसा, ती जितकी कमी तितके बरे, असे आपल्या आया-आज्यांनी शिकवले, आणि अडीअडचणीच्या काळात तो शहाणपणाच होता. पण लोखंडात ठोकलेल्या सोन्याला हे माप लागू पडत नाही. माझ्याकडे आज जी अंगठी आहे, ती आचा-लाने नऊ वर्षांपूर्वी हिमाचलमधील तिच्या ओळखीच्या एका कारागिराकडून माझ्यासाठी करवून आणली. तिच्यात अर्धा ग्रॅमही सोने नसेल. ती घेऊन मी सहज एका सराफाकडे गेले, तर तो भला माणूस म्हणाला की, बाई, लोखंडातून हे सोने काढायचा खर्च सोन्याहून जास्त होईल, याला मोड नाही. तो त्याच्या हिशोबाने बरोबरच होता. या दागिन्यात सोने गुंजभर असते आणि हातकाम मणभर, आणि हातकामाला मोड नसते.

हॉलमार्कचाही इथे उपयोग होत नाही. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्किंग सोन्याची शुद्धता सांगते, आणि दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. सोने लोखंडात कसे बसवले आहे, कोणी आणि कुठे बसवले आहे, हे कोणताही शिक्का सांगत नाही. ती जागा मोकळी आहे आणि त्या मोकळ्या जागेत नक्कल राहते. ‘तिबेटी चांदी’ या नावाने जे विकले जाते, त्यात पुष्कळदा चांदीचा अंशही नसतो, हेही याच मोकळेपणाचे फळ. लेह-लडाखच्या सहलीला जाणारी आपली मंडळी अशा वस्तू पिशव्या भरून आणतात, आणि लेहपासून फार दूर नसलेल्या चिलिंग गावात पिढ्यान्‌पिढ्या धातुकाम करणारी घरे आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही.

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. प्रदर्शनांच्या आयोजकांना ही की, अशा वस्तूंबरोबर विक्रेत्याने एक साधी लेखी चिठ्ठी द्यावी असा नियम त्यांनी करावा: पायाचा धातू कोणता, सोने किती कॅरटचे, ते ठोकून बसवले आहे की विजेने चढवले आहे, आणि काम कोणत्या गावच्या कोणत्या कारागिराचे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने वस्तूचा दर्जा आणि शुद्धता जाणून घेण्याचा हक्क आपल्याला दिलेलाच आहे. त्यासाठी नवा कायदा नको. मुलाम्याची वस्तू मुलामा म्हणून विकण्यात काहीही गैर नाही, मी स्वतः ती घेईन. आणि आपल्या वृत्तपत्राला ही की, अशा कामासाठी ‘मुलामा’ हा शब्द वापरू नये. बीदरच्या कामाला आपण कधी ‘चांदीचा मुलामा दिलेले जस्त’ म्हणतो का? तिथेही जस्ताच्या मिश्रधातूत खाचा कोरून चांदी ठोकतात आणि मग नवसागर व बीदरच्या किल्ल्यातली माती वापरून धातू काळा करतात. मराठवाड्यातील माणूस त्याला आदराने ‘बिदरी काम’ म्हणतो. मग या कामाला ‘सोन्याचे कोफ्तकाम’ म्हणा, किंवा नुसते ‘लोखंडात ठोकलेले सोने’ म्हणा. शब्द मराठीत आहेत.

ज्यांच्याकडे खरी वस्तू आहे, त्यांच्यासाठी अनुभवाने दोन गोष्टी सांगते. ती चिंच, लिंबू किंवा कोणत्याही पावडरीने घासू नये. लोखंडाचा निळा-काळा रंग आम्लाने जातो आणि तो घरी परत आणता येत नाही. पावसाळ्यात रोज रात्री कोरड्या सुती कापडाने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटाने फिरवावा. माझ्या अंगठीला पहिल्याच जुलैत आतून गंज धरला होता, पण तो तेलाने आणि कापडाने निघाला, आणि सोने एका रेषेनेही हलले नाही. आणि ज्यांना अजून घ्यायची आहे त्यांनी दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवावे. मुलाम्यात सोने प्रत्येक ओरखड्यात आणि खड्ड्यात सारखेच पसरलेले दिसते. ठोकलेल्या सोन्याची कड किंचित वाकडी असते आणि कुठे ना कुठे तरी त्या चिरा डोकावतात. कारागिराची हातोडी एखाद्या ठिकाणी थोडी जास्त पडलेली असते, तीही दिसते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात हिमालयीन कलेचे आणि शस्त्रास्त्रांचे, अशी दोन्ही दालने आहेत. एका सुट्टीच्या दिवशी तिथल्या मुठींवरचे सोने नीट पाहून आले, तर बाजारात डोळा फसणार नाही.

आपल्या पुरवणीत या विषयावर दुरुस्ती किंवा छायाचित्र देण्याचा विचार झाल्यास माझी अंगठी, ते सोललेले पदक आणि भिंग, तिन्ही घेऊन मी आपल्या कार्यालयात येण्यास तयार आहे. डिसेंबरनंतर आलात तर आचा-लाही ठाण्यात असेल. तिच्या वडिलांच्या अंगठीचे छायाचित्र घेऊ द्यायचे की नाही, ते मात्र तिलाच विचारावे लागेल.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी
ऐरोली, नवी मुंबई